दुमडलेल्या कोपऱ्याची बदनामी

धागा. पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडणारा मनुष्य हा पुस्तकांचा शत्रू होय, असा समज हल्लीच्या वाचनप्रेमी तरुणाईत फार प्रतिष्ठा पावला आहे. दर काही दिवसांनी त्यावर एखादे व्यंगचित्र फिरते, दुमडणाऱ्यास जाहीर गुन्हेगार ठरवले जाते, आणि त्याखाली वाचक रांगेने आपण हे पाप कधीच केले नसल्याची ग्वाही देतात. गंमत अशी की या रांगेत इतिहासाचे विद्यार्थीही हौसेने उभे असतात. ज्यांनी कागदावरील प्रत्येक खुणेला पुरावा म्हणून पाहायचे, तेच सर्वांत जुन्या आणि सर्वांत सामान्य वाचनखुणेला विद्रूपीकरण म्हणतात.

या निवाड्यामागे पुस्तकावरील प्रेम कमी आणि विशिष्ट वर्गांच्या हातांविषयीची शिसारी अधिक आहे, हे त्या खुणेच्या नावापासूनच सिद्ध करता येते.

इंग्रजीत दुमडलेल्या कोपऱ्यास ‘डॉग्ज इअर’, म्हणजे कुत्र्याचा कान, म्हणतात. हा शब्द सतराव्या-अठराव्या शतकांत रूढ झाला. त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण आकाराचे आहे : शिकारी कुत्र्याचा कान जसा वरून खाली मुडपलेला असतो, तसा कोपरा. स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे आणि इंग्रजीपुरते ते खरेही असेल. मात्र युरोपाच्या नकाशावर जरा पूर्वेकडे सरकले की ते लंगडू लागते. जर्मन भाषेत त्याच कोपऱ्याला ‘एझेल्सओर’ म्हणतात, म्हणजे गाढवाचा कान. डच आणि डॅनिश भाषांत गाढवच, हंगेरियनमध्ये गाढव, चेक आणि पोलिशमध्येही गाढव. स्वीडिश आणि फिनिश भाषा मात्र कुत्र्याच्या बाजूने.

आता गाढव प्रत्यक्ष पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे की गाढवाचे कान ताठ उभे असतात. ते मुडपलेले नसतात. मुडपलेल्या कानांचा शोध घेणाऱ्या शेतकरी समाजाला शेळी सापडली असती, डुक्कर सापडले असते. तरीही इतक्या भाषांनी गाढवच का निवडले? जर्मन शाळांत ढ विद्यार्थ्यांच्या बाकाला ‘गाढवांचा बाक’ म्हणत, फ्रेंच शाळांत त्यांच्या डोक्यावर लांब कानांची टोपी चढवत, हे ध्यानात घेतले की उत्तर फारसे दूर राहत नाही. कोपरा दुमडलेले पुस्तक म्हणजे शाळकरी पोराचे पुस्तक; पोर ढ, म्हणून गाढव. शब्दाने वस्तूचे वर्णन करता करता वाचकाला शिवीही देऊन ठेवली.

ही शिवी अपरिहार्य नव्हती. फ्रेंच भाषेने याच कोपऱ्याला शिंग म्हटले, आणि पान दुमडण्याला त्या शिंगावरूनच क्रियापद केले. त्यात कोणाचा उपहास नाही. जपानी भाषेने तर कमाल केली. छापखान्यात कागद कापताना एखादा कोपरा आत दुमडलेला राहिला तर तो पात्यातून सुटतो, आणि पुस्तक उघडल्यावर पानाबाहेर लोंबतो. या सदोष कोपऱ्याला तिथे ‘एबिसुगामी’, अर्थात एबिसु देवाचा कागद, किंवा ‘फुकुगामी’, भाग्याचा कागद, अशी नावे आहेत. जुन्या पंचांगानुसार दहाव्या महिन्यात सारे देव इझुमोला जमतात, एकटा एबिसु मागे राहतो, अशी समजूत. आणि जपानीत कागद व देव या दोहोंचा उच्चार ‘कामी’. इतर कोपरे कापले गेले, हा मागे राहिला. दोष तोच, पण नाव देणाऱ्याचे मन वेगळे.

मराठीत कोपरा ‘दुमडतो’ किंवा ‘मुडपतो’. इतकेच. या क्रियेचे स्वतंत्र, सर्वमान्य नाम आपल्याकडे नाही, याची खंत करत अलीकडे काही उत्साही मंडळी ‘श्वानकर्ण’ घडवू पाहतात. असे शब्द घडवण्याआधी एक विचार व्हावा : नाम नसण्याचे कारण आपल्या ग्रंथांच्या बांधणीत आहे (त्याकडे पुढे येऊच), आणि ‘दुमड’ हा साधा शब्द हाताशी असताना परक्या वर्गखोलीतील उपहास संस्कृतात आणण्याचे प्रयोजन नाही. आपल्याकडे कान पिळण्याची परंपरा पुरेशी समृद्ध आहे. तीत आणखी एका कानाची भर कशाला?

दुमड-विरोधकांचा आवडता साक्षीदार म्हणजे रिचर्ड दे बरी. हा डरहॅमचा बिशप आणि आपल्या काळातील इंग्लंडचा सर्वांत नामांकित ग्रंथसंग्राहक. १३४५ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, त्याने ‘फिलोबिब्लॉन’ हा ग्रंथप्रेमाचा प्रबंध पूर्ण केला. त्यातील सतराव्या प्रकरणात पुस्तके कशी हाताळू नयेत, याचे झणझणीत वर्णन आहे. थंडीत नाक गळणारा विद्यार्थी पुस्तकावर ओघळ सोडतो. काळ्या नखाने आवडत्या ओळीवर खूण करतो. गवताच्या काड्या पानापानांत खोचतो. पुस्तकावर फळे आणि चीज खातो. कोपरे टेकून झोपी जातो, आणि उठल्यावर पडलेल्या सुरकुत्या काढण्याच्या नादात पानांच्या कडा दुमडून ग्रंथाचे नुकसान करतो. पाहा, सातशे वर्षांपूर्वीही सुज्ञांना हे मान्य नव्हते, असे म्हणून हे प्रकरण पुढे केले जाते.

परंतु प्रकरण अर्ध्यावर सोडणे बरे नाही. याच प्रकरणात पुढे बिशपमहाशय बजावतात की सामान्य गृहस्थजन ग्रंथाला हात लावण्याच्या योग्यतेचेच नव्हेत, कारण त्यांना पुस्तक सुलटे काय नि उलटे काय, सारखेच. स्वयंपाकघरातल्या भांडी घासणाऱ्या पोऱ्याचा हात पानांना लागू नये, हेही ते सांगतात. म्हणजे दुमडीची तक्रार एकटी येत नाही. ती नेहमी कोणाच्या तरी हातांच्या तक्रारीसोबत येते. आणि हेही विसरू नये की एकेक हस्तलिखित लिहायला लेखनिकाला महिनोन्महिने लागत, चर्मपत्रासाठी जनावरांचे कळप कापले जात. त्या अर्थव्यवस्थेतील संग्राहकाची कळकळ समजू शकते. ती कळकळ लाखांनी छापल्या जाणाऱ्या स्वस्त कादंबरीला लावणे, हे मात्र नुसते सोंग आहे.

मुद्रणानंतर काय झाले, याचे उत्तर शेक्सपियरच्या नाटकांत सापडते. ‘ज्युलियस सीझर’च्या चौथ्या अंकात, लढाईच्या छावणीत, रात्री ब्रूटस पुस्तक हाती घेतो आणि वाचन जिथे थांबवले तिथे पान दुमडून ठेवले होते ना, असे स्वतःशीच पुटपुटतो. थोड्याच क्षणांत त्याला सीझरचे भूत दिसते. ‘सिम्बेलीन’मध्ये इमोजेन निजण्यापूर्वी दासीला तिथेच पान दुमडून ठेवायला सांगते. मग पेटीत लपून आलेला कपटी याकिमो बाहेर येतो, आणि पान नेमके फिलोमेलाच्या अत्याचाराच्या कथेवर दुमडलेले पाहतो. पहिल्या प्रसंगात दुमड ही एका रोमन तत्त्वनिष्ठाची सवय आहे, दुसऱ्यात ती एका राजकन्येची. नाटककाराला यात काहीही अशोभनीय वाटलेले नाही. इमोजेनची दुमड तर नाट्यवस्तूच आहे : ती प्रेक्षकाला सांगते की ही स्त्री काय वाचत होती आणि तिच्यावर काय ओढवू शकते.

(जाता जाता : ब्रूटस इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. त्याच्या हातात गुंडाळीचा ग्रंथ असणार. तिला पानही नाही आणि कोपराही नाही. त्याच नाटकात घड्याळाचे ठोकेही पडतात. चूक काळाची आहे, पण ती लंडनच्या वाचकांची सवय मात्र अचूक सांगून जाते.)

मग ही सवय गलिच्छ केव्हा ठरली? पुस्तक भाड्याने मिळू लागले तेव्हा. अठराव्या शतकात इंग्लंडच्या शहरांत वर्गणीवर पुस्तके देणारी ग्रंथालये निघाली आणि ज्यांना कादंबरी विकत घेणे परवडत नसे त्यांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, हाती ती पडू लागली. रिचर्ड शेरिडनच्या ‘द रायव्हल्स’ या १७७५ च्या नाटकात बाथ शहरातली दासी मालकिणीसाठी अशी पुस्तके हुडकत फिरते. एक पुस्तक मिळते, पण ते आधी वाचणाऱ्या बाईने इतके मळवलेले आणि कोपरे दुमडलेले की आणण्याच्या लायकीचे उरलेले नाही. त्या अदृश्य बाईचे नावच शेरिडनने गबाळेपणा आणि ऐदीपणा यांवरून ठेवले आहे. त्याच प्रवेशात एक वयस्क गृहस्थ अशा ग्रंथालयांना मुली बिघडवणारी विषवल्ली ठरवतो. शेरिडन त्या गृहस्थाचीही थट्टाच करत आहे, हे मान्य. पण दोन गोष्टी एकाच प्रवेशात याव्यात हा योगायोग नव्हे. बाईने वाचू नये असे उघड म्हणणारा हास्यास्पद ठरत होता. बाईने वाचलेले पुस्तक घाणेरडे असते, असे म्हणणारा मात्र सुसंस्कृत ठरत होता.

एकोणिसाव्या शतकात कररूपाने चालणारी सार्वजनिक ग्रंथालये आली, आणि शिसारीला विज्ञानाचा मुखवटा मिळाला. जंतूंचा शोध नवा होता. ग्रंथालयाच्या पुस्तकांतून क्षय आणि लोहितांग ज्वर पसरतो, अशी भीती ब्रिटन-अमेरिकेत शतकाच्या अखेरीस इतकी वाढली की पुस्तकांना धुरी देण्याच्या पेट्या बनल्या. १९०७ च्या ब्रिटिश आरोग्य कायद्याने संसर्गजन्य रोग्याने सार्वजनिक ग्रंथालयाचे पुस्तक वापरणे दंडनीय केले. पुढे ही भीती अतिरंजित होती असे दिसून आले आणि ती ओसरली. मागे उरली ती सवय : दुसऱ्या वाचकाची कोणतीही खूण दिसली की नाक मुरडायची.

स्पर्शाची भीती म्हटल्यावर महाराष्ट्राने दुसरीकडे पाहण्याचे कारण नाही.

आपली पोथी सुट्या, आडव्या पानांची. खाली-वर लाकडी फळ्या, भोवती कापडाचे वेष्टन. वाचताना पान उचलून पालथे ठेवायचे. वाचन थांबले की वाचलेली आणि न वाचलेली पाने आपोआप वेगळी असतात. खुणेसाठी फार तर दोरा, दर्भाची काडी, मोरपिसाचा तुकडा. भूर्जपत्र वा ताडपत्र असेल तर दुमडताच तुटणार. पोथीच्या शेवटी लेखनिक पोथीच्याच तोंडी एक विनवणी घालत : तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. या यादीत दुमडीचे नाव नाही, कारण या वस्तूला दुमडायचा कोपराच नव्हता. मूर्खाचे नाव मात्र आहे! मराठीत दुमडीला नाम का नाही, याचे उत्तर हे असे. खूण शिवलेल्या पुस्तकाबरोबर आली, आणि शिवलेले पुस्तक सर्वसामान्यांच्या घरात येऊन दोनशे वर्षेही झालेली नाहीत.

ते आले तेव्हाही प्रश्न स्पर्शाचाच निघाला. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर १८३१ साली मराठी पंचांग छापले, तेव्हा छपाईच्या शाईत जनावराची चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील कागदाला शिवेनात. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली आणि वाट काढली. पुढे कितीतरी वर्षे धार्मिक ग्रंथ छापले जात तेही सुट्या पानांच्या पोथीच्याच घाटात. शाळेची क्रमिक पुस्तके तेवढी शिवलेली. म्हणजे इथेही कोपरा दुमडण्याची पहिली संधी मिळाली ती शाळकरी पोरांना, आणि त्यांतही अशा पोरांना ज्यांच्या आज्यापणज्यांना पोथीपासून हातभर दूर बसवले जात होते. त्यांच्या बोटांनी मऊ झालेले, मुडपलेले कोपरे हे अस्वच्छतेचे लक्षण मानायचे की अक्षर पहिल्यांदा हाती आल्याचे, हे ज्याने त्याने ठरवावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र इथे निवडीची फारशी मोकळीक नाही.

आता दुमड-विरोधकांनी ज्याचे उत्तर द्यावे अशा साक्षीदाराला पाचारण करायला हवे. त्याचे नाव आयझॅक न्यूटन.

न्यूटनला समासात लिहिण्याचा फारसा सोस नव्हता. त्याची खूण म्हणजे दुमड. पण ही दुमड वाचन कुठवर आले हे सांगणारी नव्हती. पानाचा कोपरा वरून खाली किंवा खालून वर तो अशा बेताने दुमडत असे की कोपऱ्याचे टोक नेमके त्या ओळीवर, बहुधा त्या शब्दावरच, येऊन टेकावे. मजकूर पानाच्या मध्यावर असेल तर दुमड मोठी होई, कधीकधी पानाचा बराच भाग गिळून टाकी. म्हणजे दुमड ही बोट दाखवण्याची पद्धत होती. शाई लागत नाही, लेखणी शोधावी लागत नाही, आणि टोक जितके अचूक तितकी नोंद अचूक. आजच्या रंगीत चिकटचिठ्ठ्यांनाही एवढी नेमकी दिशा साधत नाही.

या ग्रंथांचे पुढे काय झाले, ही कहाणी आणखी बोलकी आहे. १७२७ मध्ये न्यूटन मृत्युपत्र न करता वारला. त्याचा ग्रंथसंग्रह ३०० पौंडांना लंडनच्या फ्लीट तुरुंगाचा अधिकारी जॉन हगिन्स याने आपल्या धर्मोपदेशक मुलासाठी विकत घेतला. मुलानंतर तो त्याच्या जागी आलेल्या मस्ग्रेव्ह नावाच्या धर्मोपदेशकाकडे, आणि त्याच्या वारसांकडून ग्लॉस्टरशरमधील एका हवेलीत गेला. तिथे पिढ्या लोटल्या. संग्रह न्यूटनचा आहे हेच घरात कोणाच्या ध्यानी उरले नाही. १९२० मध्ये घराण्याच्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा न्यूटनच्या नावाचा उल्लेखही न होता कितीतरी ग्रंथ गठ्ठ्यांनी, कवडीमोलाने, गेले. त्यानंतर दे व्हिलामिल नावाच्या अभ्यासकाने हरवलेल्या संग्रहाची यादी शोधून काढली आणि हवेलीत उरलेले ग्रंथ ओळखले. १९४३ मध्ये पिल्ग्रिम न्यासाने ते साडेआठशेहून अधिक खंड घेऊन केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयाला दिले.

पण विखुरलेल्यांचे काय? न्यूटन बहुतेक ग्रंथांवर सही करत नसे. अशा वेळी ग्रंथ ओळखायचा तो नंतरच्या मालकांच्या चिठ्ठ्यांवरून, कपाटांच्या क्रमांकांवरून, आणि त्या विशिष्ट दुमडींवरून. जॉन हॅरिसन यांनी १९७८ साली न्यूटनच्या ग्रंथालयाची १,७५२ शीर्षकांची सूची प्रसिद्ध केली. त्या सूचीत ग्रंथामागून ग्रंथ दुमडीच्या खुणांची नोंद आहे. कित्येक ठिकाणी नंतरच्या कोणा नीटनेटक्या माणसाने कोपरा पुन्हा सरळ केला आहे. केवळ कागदावर राहिलेली तिरपी रेघ पुरावा म्हणून उरली. दुमडींचे टोक कुठे रोखलेले होते, यावरून न्यूटन किमयेच्या ग्रंथांत काय शोधत होता, बायबलच्या कालगणनेवरील ग्रंथांत कुठे अडला होता, हे अभ्यासकाला पाहता येते. ज्या माणसाने आपले निम्मे अधिक चिंतन जगापासून लपवले, त्याच्या मनाकडे जाणाऱ्या वाटेवर कोपरे दुमडलेले आहेत. ते सारे कोपरे कोणी ‘पुस्तकप्रेमाने’ इस्त्री करून सरळ केले असते तर?

न्यूटन थोर, म्हणून त्याची दुमड पुरावा. आपल्या मावशीची दुमड मात्र घाण, असा युक्तिवाद यावर होतो. तो इतिहासलेखनाला शंभर वर्षे मागे नेणारा आहे. थोरांची पत्रे, टिपणे, चरित्रे उरतातच. ज्यांनी आयुष्यात एकही पत्र जपले नाही त्यांच्या वाचनाचा पुरावा असतो तो केवळ पानावर. कॅथरीन रूडी या मध्ययुगीन कलेच्या अभ्यासिकेने हे कसे वाचावे ते दाखवून दिले. प्रार्थनापुस्तकांच्या पानांवर बोटांनी जमलेला मळ त्यांनी प्रकाश परावर्तनाच्या मोजयंत्राने मोजला आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. कोणती प्रार्थना वारंवार उघडली जाई, प्लेगपासून रक्षण करणाऱ्या संताकडे किती धाव घेतली जाई, रात्रीच्या प्रार्थनेची पहिली पानेच मळकी आणि पुढची स्वच्छ, म्हणजे वाचणारा मध्येच झोपी जात असे. पाचशे वर्षांपूर्वीच्या निनावी माणसाची जांभई मळाने सांगितली. तो मळ धुऊन काढणे हा जुन्या ग्रंथविक्रेत्यांचा नित्याचा उद्योग होता. एकोणिसाव्या शतकात पाने धुऊन, दाबून, समास छाटून ग्रंथ ‘शुद्ध’ करत, आणि त्यांत वाचकांच्या किती पिढ्या पुसल्या गेल्या याचा हिशेब लागणार नाही.

आपल्या जवळचे उदाहरण हवे तर मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात जावे. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संग्रहातील ग्रंथ आहेत. बाबासाहेब पेन्सिल हातात घेऊन वाचणारे. कोलंबिया विद्यापीठात त्यांना शिकवणारे जॉन ड्यूई यांच्या ग्रंथांवरील बाबासाहेबांच्या अधोरेखनांचा माग काढत स्कॉट स्ट्राउड या अमेरिकी अभ्यासकाने दोघांच्या विचारांचे नाते उलगडले. तो अभ्यास २०२३ मध्ये ग्रंथरूपाने आला. बाबासाहेबांनी ड्यूईंकडून काय घेतले आणि कुठे वेगळी वाट धरली, याविषयी बोलताना आता नुसत्या तर्कावर विसंबावे लागत नाही, कारण पुस्तकावर रेघ मारू नये हा शिष्टाचार त्यांनी पाळला नाही.

दुमडीविरुद्ध एकच आक्षेप खरा आहे आणि तो कागदाचा आहे. १८५० च्या आधीचा कागद बहुधा चिंध्यांचा. त्याचे तंतू लांब, म्हणून तो दुमड सोसतो. न्यूटनचे कोपरे तीन शतके टिकले ते यामुळे. त्यानंतर लाकडाच्या लगद्याचा कागद आला, त्याला तुरटी आणि राळ यांची खळ दिली गेली, आणि त्यातून उत्पन्न होणारे आम्ल कागदाला आतून खात गेले. आपल्याकडची शंभर वर्षांपूर्वीची मासिके, कादंबऱ्या, चोपड्या याच कागदाच्या. त्यांचा कोपरा दुमडाल तर तो बोटांत येईल. अशा पुस्तकाचे पान दुमडू नये, अभिलेखागारातील कागदाचे तर कधीच नाही. आणि वाचनालयाचे पुस्तक पुढच्या वाचकाचेही असते, म्हणून तिथेही कागदाचा कपटा घालावा. याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो या खऱ्या आक्षेपाआडून चाललेल्या ढोंगाशी. कागदाच्या ठिसूळपणाची कसोटी ग्रंथालये कशी घेत? पानाचा कोपरा दुमडून! १९५० च्या दशकाच्या अखेरीस विल्यम बॅरो यांच्या प्रयोगांनी कागदाची घडी सोसण्याची ताकद हा त्याच्या आयुर्मानाचा मापदंड बनला. पुढे अमेरिकेतील मोठमोठ्या ग्रंथालयांत कर्मचारी कपाटांपुढे उभे राहून कोपरा पुढे दुमडत, मागे दुमडत; काही मोजक्या घड्यांत तो तुटला की पुस्तक ‘ठिसूळ’ म्हणून यादीत. यादीतल्या कितीतरी पुस्तकांचे आणि वृत्तपत्रांच्या बांधीव खंडांचे पुठ्ठे कापून सूक्ष्मपटांसाठी छायाचित्रे घेतली गेली आणि मूळ प्रती टाकून वा विकून दिल्या गेल्या. निकोल्सन बेकर यांनी २००१ मध्ये या प्रकारावर पुस्तक लिहिले, त्याचे नावच ‘डबल फोल्ड’, म्हणजे दुहेरी घडी. त्यांचा मुद्दा साधा होता : पुस्तक घड्या घालून वाचत नाहीत, पाने उलटून वाचतात. या कसोटीत नापास ठरणारे पान त्यांनी शेकडो वेळा उलटून दाखवले. ते शाबूत राहिले. ब्रिटिश ग्रंथालय विकून टाकत असलेली अमेरिकी वृत्तपत्रे त्यांनी १९९९ मध्ये स्वतःच्या पैशाने वाचवली. ती पुढे ड्यूक विद्यापीठात गेली. टीकाकारांनी बेकर यांच्यावर एकांगीपणाचा आरोप केला, आणि सूक्ष्मपटांमुळे पुष्कळ मजकूर वाचला हेही खरे. तरी हिशेब मांडून पाहावा. पोरीबाळींनी दुमडलेल्या कोपऱ्यांनी किती ग्रंथ गमावले, आणि तज्ज्ञांनी दुमडलेल्या कोपऱ्यांनी किती?

ज्या संस्था वाचकाला पाने दुमडू नका असे शिक्क्याने बजावतात, त्यांचे निर्लेखन, त्यांचे गळके छप्पर, वाळवी लागलेली कपाटे, रद्दीवाल्याकडे किलोवर गेलेले गठ्ठे यांच्यावर एकही व्यंगचित्र फिरत नाही. रागावायला सोपा मनुष्य नेहमी तोच सापडतो, ज्याच्या हाती पुस्तक आहे आणि जो ते खरोखर वाचतो आहे.

तेव्हा या धाग्याच्या वाचकांना रद्दीच्या दुकानात, पदपथावर, आजोबांच्या पेटीत जुने पुस्तक सापडले आणि त्यात दुमडलेला कोपरा आढळला, तर हात लगेच तो सरळ करायला धावेल. त्याला थांबवावे. पृष्ठ कोणते, कोपरा वरचा की खालचा, दुमड पुढे की मागे, टोक कोणत्या ओळीवर आले आहे, त्याच पुस्तकात अशा आणखी किती दुमडी आहेत, हे एका चिठ्ठीवर लिहावे आणि शक्य असल्यास छायाचित्र घ्यावे. मालकाचे नाव, शाळेचा वा वाचनालयाचा शिक्का, तारीख असेल तर तीही उतरवावी. कोपरा सरळ केलेला असेल तर पान उजेडात तिरपे धरावे. घडीची रेघ दिसते. चिठ्ठी पुस्तकात ठेवताना ती आम्लविरहित कागदाची असावी, आणि टाचणी लावू नये.